उषाबाईची खास गोळी

आजीने रक्तदाबाची गोळी सोडली, त्याला सहा दिवस झाले होते. कारण विचारलं की ती शेजारच्या लावलेल्या दाराकडे हनुवटी उडवायची.

नऊ वर्षं आजी आणि शेजारची उषाबाई एकाच डॉक्टरची एकच गोळी घेत होत्या. रोज सकाळी, चहानंतर, ओट्यावर बसून, दोघी बरोबरच. गेल्या महिन्यात पर्वत पाटिया भागातल्या त्या गुजराती डॉक्टरने उषाबाईला तपासलं. दुसऱ्या दिवसापासून उषाबाई गोळी घ्यायला घरात जाऊन दार लावून घेऊ लागली. विचारलं तर म्हणायची, "डॉक्टरनी तसंच सांगितलंय."

"तिला भारी गोयी दिली," आजी म्हणाली. "दाराआड घ्यायची. माले बी तशीच पाहिजे. तोवर ही घेणार नाही."

मी नुकतीच रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. या गोळीचा असर जेमतेम दिवसभर टिकतो, प्रेशर चढेल, असं मी तिला समजावलं.

"चढू दे. उषीच्या तोंडावर कसं तेज आलंय, पाहिलंस का?"

तेज कुठलं? उषाबाई चार दिवसांपासून भिंत धरून चालत होती. आणि आजीने ठणकणाऱ्या डोक्याला फडकं बांधलं होतं.

मी उषाबाईकडे गेले आणि तिचं पाकीट पाहिलं. तेच नाव, तेच पन्नास मिलिग्रॅम.

"मावशी, डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

"म्हणे, गोळी एकांतरे लेजो. म्हणून मी एकांतात घेते. बाहेर कुणाची नजर लागत असेल."

"गुजरातीत एकांतरे म्हणजे एक दिवसाआड, मावशी. तुमचं प्रेशर उतरलंय, म्हणून औषध निम्मं केलं. तुम्ही रोज घेताय, म्हणून घेरी येतेय."

उषाबाईचा चेहरा पडला. "निम्मं? म्हणजे म्हातारीवर आता औषध वाया घालवायचं नाही, असंच ना?"

बरं झाल्याची खूण आहे ही, असं मी दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. तशीच भिंत धरत ती आमच्या ओट्यावर आजीकडे आली.

"धुरपदाबाई, नशीबवान आहात. तुमची गोळी रोजची आहे. मला त्याने निम्म्यावर आणलं, एक दिवसाआड. दाराआड घे असं तो म्हणालाच नव्हता, मीच चुकीचं ऐकलं."

आजीने तिला नीट निरखून पाहिलं. उषाबाईची नजर आमच्या फळीवरच्या, आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरून हलत नव्हती.

"पल्लवी, पाणी आण," आजी म्हणाली.

तिने गोळी काढली, उषाबाईला दिसेल अशी तळहातावर धरली आणि सावकाश गिळली. पदराने तोंड पुसलं.

"उद्या तुझा सुटीचा दिवस ना?" ती म्हणाली. "मग चहाला ये. तू येईपर्यंत मी गोयी घ्यायची थांबते."