अंबुयांचा ओटा

"अरे, माल आपल्याच कारखान्यातला, आणि तपासतोयस तूच?" कारखान्यातला सोबती ओनायस हसला.

केडमनने बायकोकडून नखांचं पॉलिश काढायची बाटली मागून आणली होती, त्यातलं थोडं त्याने पांढऱ्या फडक्यावर ओतलं आणि काळ्या दगडाचा कोपरा खसाखसा घासला. मग फडकं उजेडात धरून पाहिलं. पांढरं ते पांढरंच. काही लबाड लोक करड्या दगडाला रंग पाजतात आणि काळा म्हणून विकतात. वर्षभरात ओट्यावर ढगाळ डाग उमटतात, आणि शिव्या खातो तो बसवणारा. या दगडाला कुणी काही पाजलेलं नव्हतं. तरी त्याने पाण्याचे चार थेंब टाकले आणि पाव तास शेजारी उकिडवा बसून राहिला. थेंब जागेवर तसेच. दगडाने पाणी प्यायलं नाही.

"सासूसाठी दगड निवडतोयस की दुसरी बायको?"

"पहिलीलासुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं," केडमन म्हणाला.

हरारेच्या ग्रॅनाइटसाइड भागातल्या या कारखान्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. शहरातल्या बड्या बायकांच्या स्वयंपाकघरांत त्याने शेकड्यांनी ओटे बसवले. त्या बायकांशी तो बिनदिक्कत वाद घालायचा. पांढरा संगमरवर नको बाईसाहेब, लिंबू सांडलं की चट्टा पडेल. तो ठिपक्यांचा घ्या, पीठ सांडलेलं दिसत नाही. तारेची घासणी जवळ आणू नका, व्हिनेगर तर नकोच नको. बायका ऐकायच्या. केडमनचा शब्द म्हणजे शब्द.

पण हा ओटा अंबुयांचा होता, म्हणजे त्याच्या सासूबाईंचा, आणि त्यांच्यापुढे केडमनच्या तोंडाला कुलूप होतं.

भांडण नव्हतं हो. मान होता. अंबुयांचं घर मुटोको गावाकडचं, जुन्या वळणाचं. जावयाने सासूसमोर जमिनीवर बसायचं, नजर खाली, तळव्यावर तळवा हळूच वाजवून रामराम घालायचा, आणि जे बोलायचं ते मधल्या माणसाकरवी. लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत दोघांनी एकमेकांना एक शब्दही थेट ऐकवलेला नव्हता. मधलं माणूस म्हणजे धाकटी मेहुणी लोकेडिया. शाळेत मास्तरीण, आणि तोंड असं की गावात लाउडस्पीकरची गरज नाही.

मुलांनी अंबुयांना दोन वर्षांपूर्वी विटांचं नवं स्वयंपाकघर बांधून दिलं होतं. खिडकी, धुराडं, सगळं होतं. अंबुयांनी तिथे एक दिवस चूल पेटवली नव्हती. जुन्या गोल झोपडीत, धुरात बसायचं, डोळे लाल करून घ्यायचे आणि खोक खोक खोकायचं. दवाखान्यातल्या नर्सने या वर्षी चांगलाच दम भरला होता, धूर सोडा नाहीतर छाती गेलीच म्हणून समजा. पोरींनी हातापाया पडून पाहिलं. अंबुयांचं एकच उत्तर, "तिथे ओटा नाही."

तो ओटा घालायचं केडमनने अंगावर घेतलं. मापं लोकेडियाने घेतली, कारण अंबुया जमिनीवर बसलेल्या असताना त्यांच्या डोक्यावरून जावई टेप कसा ताणणार? मापं बरोबर होती. घोळ झाला तो पुढे.

"लोके, अंबुयांना विचार, भांडी धुवायचं सिंक हवं का?" केडमनने फोनवरून विचारलं होतं.

पलीकडे अंगणात काहीतरी बोलणं झालं. "आई म्हणते, जावयाला योग्य वाटेल तसं."

"छे, छे. अंबुयांच्या मनाप्रमाणे."

"आई म्हणते, कारागीर ते आहेत. त्यांच्या मनाप्रमाणे."

"त्यांना सांग, ओटा त्यांचा आहे. त्या म्हणतील तसं."

असं तीनदा झालं. लोकेडियाचं डोकं फिरलं. "तुम्ही दोघं एकमेकांना मान देत बसा, भाऊजी. तोवर माझ्या नातवंडांची लग्नं होतील. सिंक घाला. मधोमध. टीव्हीत असतं तसं!"

केडमनने घातलं. म्हणजे सिंकसाठी दगडाच्या मधोमध चौकोनी भोक पाडलं, नीट, कोपऱ्यांना गोलाई देऊन. कापून निघालेला तुकडाही त्याने टाकला नाही. अंबुयांना शेंगदाणे कुटायला होईल म्हणून ताडपत्रीखाली घातला, आणि शनिवारी सकाळी तो आणि ओनायस जनरेटर, हत्यारं, सिंक आणि दगड पिकअपमध्ये घालून मुटोकोला निघाले. जाताना बायकोने दारात बजावलं, "आईला आवडला नाही ना, तर माझं माहेर तुटलं म्हणून समज."

"तुला काय वाटतं, मला झोप लागलीय आठवडाभर?" केडमन म्हणाला.

दगड आत न्यायला गावातले सहा जण लागले. केडमनने तो उभा धरायला लावला. आडवा धरला की भोकाच्या कडेशी दगड मोडतो, हे त्याने सहाही जणांना ओरडून ओरडून सांगितलं. विटांच्या कट्ट्यांवर दगड बसला. पाणसळ लावली, बुडबुडा मध्यावर. केडमनने फडक्याने धूळ पुसली आणि खिडकीतून आलेल्या उजेडात दगड असा काही काळाभोर चमकला की ओनायसनेसुद्धा शीळ घातली.

मग अंबुया आल्या. ठेंगण्या, कमरेला कापड गुंडाळलेल्या, अनवाणी. केडमन पटकन खाली बसला. त्याला फक्त त्यांची पावलं दिसत होती. पावलं ओट्याच्या एका टोकापासून चालत आली, मधोमध थांबली. बराच वेळ थांबली. मग टाळ्यांचा आवाज आला, ओंजळीतल्या, मऊ. "लोके, जावयाला सांग, आम्ही फार आभारी आहोत." आणि पावलं बाहेर गेली. थोड्या वेळाने जुन्या झोपडीच्या छपरातून धूर निघायला लागला.

"झालं! बसव ते सिंक आणि चल," ओनायस म्हणाला. "आभार मानले ना त्यांनी?"

"ते आभार नव्हते."

"मग काय होतं?"

"सव्वीस वर्षं बायकांचे चेहरे बघतोय मी ओटा बसवल्यावर. आज चेहरा नाही दिसला, पाय दिसले. तेवढ्याने कळलं."  तिकडे धूर निघतोय, म्हणजे म्हातारी तिथेच बसणार, खोकणार, आणि हा दगड इथे कोंबड्यांना बसायला राहणार. मानपान गेला खड्ड्यात, असं केडमनला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तो अंगण ओलांडून झोपडीच्या दाराशी गेला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. आत अंबुया चुलीशी होत्या. त्यांच्यामागे भिंतीला धरून मातीचा ओटा होता, गुडघ्याएवढा उंच, गोल भिंतीबरोबर वळलेला, काळा, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून घासून लखलखीत केलेला. चाळीस वर्षांचं घासणं होतं ते. केडमनने आजवर तिकडे नजर वर करून कधी पाहिलंच नव्हतं. मधोमध पाण्याचा मोठा डेरा, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या मापाची मडकी, मग ताटं, मग कप. या घरातलं माणूस गेलं की त्याला या ओट्यासमोर ठेवायचे, आणि वाडवडलांना काही सांगायचं झालं तर इथेच बसून सांगायचे. केडमनला सगळं माहीत होतं. तोही अशाच झोपडीत जन्मलेला. फक्त शहरात ओटे बसवता बसवता ओट्याला भोक असतं, हेच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"अंबुया," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "ओटा कसा हवा होता तुम्हाला?"

लोकेडिया शेजारी पालेभाजी निवडत होती, तिच्या हातातली जुडी खाली पडली. अंबुयांनी वर पाहिलं नाही. उंबऱ्यात एक तांबडी कोंबडी दाणे टिपत होती. अंबुया तिच्याशी बोलायला लागल्या.

"काय सांगू बाई तुला. माझा डेरा मधोमध असतो. माझ्या आईने दिलेला. तो आता काय त्या भोकात बसवू? आणि नळ आहे का कुठे? पाणी शाळेपासच्या हापशावरून येतं, माझ्या डोक्यावरून. ते आणायचं आणि भोकात ओतून द्यायचं?"

"आई! मग तेव्हाच नाही का सांगायचं!" लोकेडिया किंचाळली.

"ऐकलंस?" अंबुया कोंबडीला म्हणाल्या. "ही मला शिकवते. जावई एवढा नावाजलेला कारागीर, त्याला मी खेड्यातली बाई सांगू, इथे काप आणि इथे कापू नको? त्याने भोक पाडलं तर काहीतरी विचार करूनच पाडलं असेल, म्हटलं."

केडमनला हसावं की रडावं कळेना. चोवीस वर्षांची सवय एका दमात सुटत नाही. त्यानेही कोंबडीकडेच पाहिलं. "कोंबडीबाई, अंबुयांना सांग, भोक बुजवता येईल. त्यातलाच तुकडा माझ्याकडे आहे. पण रेघ दिसेल. काळ्या दगडावर सांधा लपत नाही. मी आजवर कुणाच्या ओट्यावर असा सांधा ठेवलेला नाही, मला त्याची लाज वाटेल. दुसरा दगड आणायचा तर चार-पाच महिने थांबावं लागेल. कसं करू, विचार."

कोंबडी एक दाणा टिपून पुढे गेली. अंबुयांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि खोकल्या. खोकला लवकर थांबला नाही.

"माझ्या ओट्याला दर उन्हाळ्यात भेगा जातात," त्या शेवटी म्हणाल्या. "दरवर्षी मी त्या लिंपते. त्याला सांग, मी रेघांना भीत नाही."

ओनायस दुरून हे सगळं बघत होता. केडमन परत आल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ती कोंबडी आज जेवणात घालू नका म्हणावं. मध्यस्थ आहे ती, तिला मानधन दिलं पाहिजे."

"बडबड पुरे. खालून आधाराला दोन लोखंडी पट्ट्या काढ."

दुपारभर केडमनने जीव ओतला. तुकडा भोकात असा बसवला की दगडाच्या नैसर्गिक कणांची दिशा जुळावी. फटीत दगड सांधायचा डिंक भरला, त्यात याच दगडाची पूड आणि काजळ मिसळून. उन्हाकडची खिडकी सताड उघडून तो सुकवला. मग जनरेटर सुरू करून, पाणी सोडत सोडत, आधी खरखरीत चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. गावातली निम्मी माणसं खिडकीत. लोकेडिया त्यांना हाकलत होती आणि स्वतः सगळ्यांत पुढे उभी राहून बघत होती. "भाऊजी, तिथे राहिलं थोडं. नाही, तिथे नाही, तिथे!"

"लोके, तू गप्प बसशील तर ओटा आजच होईल."

"मी गप्प बसले असते तर ओटाच झाला नसता."

"आणि भोकही झालं नसतं," ओनायस म्हणाला. लोकेडियाने त्याच्या पाठीत ओलं फडकं हाणलं.

चार वाजता केडमनने सगळा दगड कोरडा केला. समोरून बघितलं तर काही नाही. खिडकीकडून तिरकं बघितलं की केसाएवढी चौकोनी रेघ. त्याच्या डोळ्यांना ती रेघ रस्त्याएवढी रुंद दिसत होती. तो बाहेर जाऊन अंगणात बसला, हात गुडघ्यांवर टाकून. ओनायसने त्याला पाण्याचा तांब्या दिला, तो तसाच हातात राहिला.

अंबुया एकट्याच आत गेल्या. उघड्या दारातून केडमनला दिसत होतं. आधी त्यांनी अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवलं, चारही बाजूंनी. नख कुठे अडकलं नाही. मग कमरेच्या कापडातून छोटी बाटली काढली आणि शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब बरोब्बर रेघेवर टाकला. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाव तास. केडमनला हसू आवरेना. म्हातारी त्याच्याच धंद्यातली निघाली की! मग त्यांनी तेल पुसलं, वाकून, डोळा दगडाशी नेऊन तिरकं पाहिलं. डाग नाही. त्यांनी ते बोट कापडाला पुसलं आणि कुणाशी काही न बोलता जुन्या झोपडीत निघून गेल्या.

"गेली परत," लोकेडिया हळूच म्हणाली. एवढ्या हळू ती आयुष्यात कधी बोलली नसेल. "भाऊजी, मी माझ्या तोंडाने घात केला."

केडमन छपराकडे बघत राहिला. धूर पातळ होत गेला. मग दिसेनासा झाला. आतून पाणी ओतल्याचा चुर्र आवाज आला. चूल विझवली होती.

अंबुया डेरा घेऊन बाहेर आल्या. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, काळा, त्यांच्या छातीएवढा. ओनायस मदतीला उठला तसं लोकेडियाने त्याला खाली ओढलं. बाईच्या मडक्यांना पुरुषाचा हात लागत नाही. ती तिच्या आईकडून आलेली असतात, नवऱ्याचासुद्धा त्यांच्यावर हक्क नसतो, आणि जावयाचा तर विचारही नको. केडमन वाट सोडून बाजूला सरकला आणि खाली बसून तळवे वाजवायला लागला. अंबुया हळूहळू अंगण ओलांडून आल्या. नव्या स्वयंपाकघराला दोन उंच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीशी त्या थांबल्या. पाय उचलायला कापड वर धरावं लागणार होतं आणि हात रिकामा नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिलं. लोकेडिया उठून धावत निघाली होती, पण ती लांब होती.

"धर रे जरा," अंबुया केडमनला म्हणाल्या.

तो उठला. हात पँटला पुसले, परत एकदा पुसले आणि डेरा दोन्ही हातांत घेतला. तो वाटला होता त्याहून हलका होता. अंबुया कापड सावरून पायऱ्या चढल्या, आत जाऊन ओट्यावरची धूळ हाताने झाडली, जागा ठरवली. केडमन दाराबाहेर डेरा छातीशी धरून उभा राहिला, नजर खाली, श्वाससुद्धा जपून घेत.