रसायन खाणाऱ्या जीवाणूची कैफियत

मित्रांनो, मी खाडीतला एक जुना जीवाणू आहे. जुना म्हणतो खरा, पण आमच्यात एकाचे दोन होतात, त्यामुळे आजोबा कोण आणि नातू कोण, हे आमचं आम्हालाही सांगता येत नाही. मी म्हणजे आम्ही सगळेच, असं समजा.

प्लास्टिक मऊ राहावं म्हणून माणसांनी एक तेलकट रसायन बनवलं. किनाऱ्यावरच्या कारखान्यातून ते थोडं थोडं पाझरून खाडीत येई. मासे त्याने आजारी पडत. आम्ही उपाशी होतो, म्हणून चाखून पाहिलं. मी पहिला लचका तोडायचा, उरलेलं शेजारचे वाटून घ्यायचे. रोज थोडं थोडं करत आम्ही ते पचवायला शिकलो.

एकदा प्रयोगशाळेतल्या बाई गुडघाभर चिखलात उतरल्या आणि आम्हाला बाटलीत भरून घेऊन गेल्या. तिथला थाट काय सांगू! उबदार खोली, आणि बाटली सतत हलवणारं यंत्र, म्हणजे हवेला तोटा नाही. रसायन म्हणाल तर एका वेळी एकच थेंब. आमच्या गर्दीने पाणी गढूळ झालं की बाईंचा चेहरा खुलायचा. "माझी खादाड पोरं," म्हणायच्या. मला त्यांचा लळा लागला होता.

बाईंचा थोरला भाऊ त्याच कारखान्याचा व्यवस्थापक होता. त्याला कारखान्याच्या सांडपाण्याचा एक रुंद नळ थेट खाडीत सोडायचा होता. परवानगी देणाऱ्यांची बैठक ठरली तेव्हा त्याने बहिणीला बोलावून घेतलं. मला पिशवीत घालून नेताना बाई वाटभर पुटपुटत होत्या, की गार पाण्यात ही पोरं फार हळू खातात आणि एकदम जास्त आलं तर मरतात, हे सांगायलाच हवं. मी निर्धास्त झालो.

भावाने बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली. समुद्र आपली काळजी आपणच घेतो, असं काहीसं तो बोलला. मग बहिणीकडे वळला.

"काय गं, खातात ना हे?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खातात, दादा."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या. चहा आला आणि नळाला परवानगी मिळाली. मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो. ज्यांनी पोरं म्हटलं, त्यांनीच केसाने गळा कापला.

उद्घाटनाच्या दिवशी टाळ्यांच्या गजरात मला खाडीत ओतलं. पाणी गार होतं, संथ होतं, आणि वरून रसायनाचा लोंढा आला. पहिला लचका तोडेपर्यंत उरलेलं खाणारे शेजारी मेले होते. पाठोपाठ मासे पोट वर करून तरंगू लागले.

परवा बाई पुन्हा चिखलात येऊन उभ्या राहिल्या. "खा ना रे," म्हणाल्या. आम्ही थोडेच उरलो होतो, त्यांच्या बुटाला चिकटून. राग होताच, तरी तो आवाज ऐकून बरं वाटलं, याचाच जास्त राग आला.

मित्रांनो, घर आवरणारं कोणी आहे म्हणून तुम्ही मुद्दाम सांडत नाही ना? मग आमच्या भरवशावर समुद्रात काही ओतू नका. आमचं कौतुक नाही केलंत तरी चालेल. फक्त आमच्याबद्दल कुणी विचारलं, तर अर्धंच सांगून खाली बसू नका.