त्रुहियोत एक दिवस

"माणसाला पृथ्वीच्या पार त्या टोकाला नेता आणि जमिनीला पाय लावू देत नाही. चोर आहात तुम्ही, चोर!"

हे पद्माकरने जहाज कंपनीच्या सिंगापुरातल्या, पाया लेबारच्या ऑफिसात ऐकवायचं ठरवलं होतं. ऐकवलं सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये, भेंडी चिरणाऱ्या बायकोला.

"मला कशाला चोर म्हणताय?" मधुमती म्हणाली. "आणि प्रणव येतोय जेवायला, त्याच्यापुढे बोंबलू नका. मी सांगून बसलेय, आमचे हे सारखे पेरूला जातात म्हणून."

जातात, खोटं नाही. पद्माकर सेकंड इंजिनिअर. त्याचं जहाज पेरूतल्या त्रुहियो शहराच्या बंदराला कितीदा तरी लागलं. पण जहाज थांबलं की इंजिन खोलायचं असतं. डेकवाले इस्त्रीचे शर्ट घालून शहरात, आणि इंजिनवाले घामाघूम पिस्टन उपसत खाली. त्रुहियो त्याने पाहिलं ते चहाला वर आल्यावर, धुक्यातली एक तपकिरी रेघ.

प्रणव युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, नुकताच तिकडे फिरून आलेला. पानावर बसल्या बसल्या त्याने फोन पुढे केला. चान चान, त्रुहियोलगतचं प्राचीन शहर! अख्खं मातीचं, भिंतींवर कोरलेले मासे.

"काका, तुम्हाला कुठली भिंत आवडली?"

मधुमतीने टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला.

"ती... डावीकडची."

"कुठून डावीकडची?"

"आत शिरलं की."

"बाबा नेव्हर गो इन, लाह!" लेक इशिता आपल्या सिंगापुरी इंग्रजीत खिदळली. "बाबा ओन्ली सी क्रेन!"

मधुमतीने लेकीच्या पानात न मागता भेंडी लोटली. पद्माकरचं लक्ष फोटोतच होतं. नुसत्या मातीचं शहर, शेकडो वर्षं उभं! हे इंजिनिअरने नाही बघायचं तर कुणी?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीतला तन्मय.

"सर, रिटायरमेंटच्या आधी एक लास्ट ट्रिप. पुन्हा त्रुहियोच!"

"येतो. पण तिथे एक दिवस मी उतरणार. पिस्टन दुसऱ्या कुणाला सांगा."

"सर, ते कॅप्टनच्या हातात असतं."

"कॅप्टन म्हणतो, कंपनीच्या हातात."

"बरं, बघू ना सर."

"तू काय बघतोस? मला बघायचंय!"

मधुमतीने प्रणवकडे एकदा पाहिलं, हात पुसले आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"तन्मय, मी मधुमती बोलतेय. आमच्या ह्यांनी त्रुहियो अजून पाहिलेलं नाही. एकदासुद्धा नाही. उतरू देणार की नाही, ते आत्ता सांग."