पुढचं माप

नथू मापाड्यानं उभ्या जन्मात लाखभर पायल्या भात मोजला असेल, पण पावणेतीन वर्षांचं पोर एका जागी किती वेळ बसतं, हे मोजायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. ती आली त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, आणि आली ती थेट विमानात. सांताक्रूझहून सकाळी विमान उडालं, कानात दडे बसले, ढग पायाखाली गेले. हे सगळं बघत चंपा दहा मिनिटं गप्प बसली. मग तिनं विचारलं, "आबा, आलं का?" लंडन यायला अजून बारा तास होते.

चंपा म्हणजे त्याची नात, नंदाची लेक. नंदा पुण्यात नर्सिंग शिकून विलायतेला गेली होती, नवराही तिकडेच कारखान्यात. दोघांच्या पाळ्या, घरात तिसरं माणूस नाही, म्हणून सहा महिन्यांचं पोर नंदानं कामशेतला आणून आपल्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि रडत परत गेली. 'दोन वर्सांची तर गोष्ट हाय,' असं तेव्हा सगळेच म्हणाले. त्या दोन-सव्वादोन वर्षांत चंपाला दात आले, ती चालायला लागली, बोलायला लागली आणि आजीला, म्हणजे सरुबाईला, 'आई' म्हणायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं. सरुबाईनं सुरुवातीला 'अगं, मी आजी' असं सांगून पाहिलं, मग सांगायचं सोडलं. तिला ते गोड वाटत होतं, खोटं कशाला बोला.

आता तिकिटं आली होती. पोहोचवायला खरं तर सरुबाईनं जायचं, पण तिनं साफ नकार दिला. "तितनं मोकळ्या हातानं परत यायचं माझ्यानं व्हनार न्हाई. तुमी जावा." स्टेशनावर तिनं नंदाचा फोटो नवऱ्याच्या कोटाच्या खिशात सारला आणि बजावलं, "उतरायच्या आत पोरीला शिकवा, आई कोन ती. नंदीनं हात पसरलं आन ह्या कार्टीनं माझ्या नावानं भोकाड पसरलं, तर नंदीचं काळीज फाटंल." एवढं बोलून गाडी हलायच्या आधीच ती पाठ फिरवून चालू लागली.

तर नथूच्या डोक्यावर हे काम होतं. हातात बारा तास, आणि तेवढ्यात पोरीच्या तोंडातली आई बदलायची.

पहिला तास राखदाणीनं निभावला. खुर्चीच्या हातात बसवलेली छोटी राखदाणी, झाकण उघडायचं आणि टक्कन मिटायचं. शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थाला सिगारेट ओढायची होती, पण चंपानं राखदाणीला हात लावू दिला नाही. मग डोक्यावरचं बटण दाबलं की हवाईसुंदरी येते, हा शोध लागला. पाच वेळा ती हसत आली. सहाव्यांदा आली ती चित्रांचं पुस्तक आणि खडू घेऊन. चंपानं खडू चाटून पाहिला आणि परत केला. त्यानंतर खुर्च्यांमधल्या बोळातून येरझाऱ्या. पवना नदीच्या खोऱ्यातल्या वाटा नथूनं पायांनी झिजवल्या होत्या, पण त्या हातभर रुंदीच्या बोळात त्याला धाप लागली. त्यात दिवस काही सरेना. घरी अंधारून आलं की चंपा डोळे चोळायला लागायची. इथं विमानच सूर्याच्या मागं लागलेलं, खिडकीत ऊन जसंच्या तसं, मग पोर झोपणार तरी कसं?

नथूनं फोटो काढला. "चंपे, ही कोन?"

"बाई."

"बाई न्हाई. ही तुजी आई."

चंपानं फोटोकडे पाहिलं, आबाकडे पाहिलं. म्हाताऱ्याला समजत नसावं म्हणून सावकाश म्हणाली, "न्हाई. आई घरी." दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा तिनं तो खुर्चीखाली भिरकावला. तिसऱ्यांदा मात्र भलतंच झालं. आई घरी आहे आणि आपण घरी नाही, हे तिच्या एकदम ध्यानात आलं. "आई पायजे!" तिनं असा काही सूर लावला की पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. आपण काम करायला गेलो आणि उलटं करून बसलो, असं नथूला वाटलं. बाजारात पाचशे माणसांच्या गलक्यात ज्याचा आकडा कधी चुकला नाही, तो एका पोरीपुढं हतबल होऊन बसला.

मग त्यानं पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उघडली. सरुबाईनं नंदासाठी आंबेमोहोर दिला होता, आणि तांदळात खुपसून ठेवलं होतं एक पितळी चिपटं. पाव शेराचं छोटं माप, काठाला पोचा आलेलं. पिशवीचं तोंड सुटलं तसा तो वास दरवळला. सिगारेटींच्या धुरातून कामशेत त्याच्या नाकाशी आलं. नथूनं उपरणं मांडीवर अंथरलं, चिपटं भरलं, ओतलं आणि बारीक आवाजात सूर धरला, "लाभ... लाभ... लाभ..."

चंपाचं रडं जागच्या जागी थांबलं.

मापाडी कधी 'एक' म्हणून मोजायला सुरुवात करत नाही. पहिलं माप म्हणजे लाभ. आणि पुढचं माप पडेपर्यंत तोच आकडा म्हणत राहायचं, म्हणजे गलक्यात विसरायला होत नाही. लाभ, लाभ, लाभ, की पडलं माप. मग दोन, दोन, दोन. नथूच्या जवानीत बाजाराच्या दिवशी पवनेकडच्या भाताच्या गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या आणि आठ-दहा मापाड्यांचे सूर एकात एक मिसळायचे. काय दिवस होते ते! तेव्हा सरुबाई भाताच्या झोडणीला जायची, आणि दोन वर्षांच्या नंदाला नथू बाजारात घेऊन यायचा. राशीच्या कडेला बसवून हातात हेच चिपटं द्यायचा. पोर दिवसभर ओतायची आणि बापाच्या मागं सूर ओढायची. तिला एक मानाचं कामही होतं. मोजणी संपली की शेतकऱ्याचं पोतं रिकामं परत द्यायचं नाही, मूठभर दाणे आत टाकून मगच घडी घालायची, ही नथूच्या बापापासूनची रीत. ती मूठ नंदाची. गाडीवाले मुद्दाम थांबायचे तिच्यासाठी. पुढं किलो आले, बाजारात काटे लागले आणि मापाडी पोती उचलायला राहिले. पायली घरी खुंटीवर गेली. तो सूर मग ऐकला तो फक्त चंपानं, घरात, धान्याच्या कणगीपाशी.

आता ती ओतत होती आणि नथू म्हणत होता. उपरण्यातून पिशवीत, पिशवीतून उपरण्यात. तिचा हिशेब लाभ, दोन, तीन आणि मग एकदम धा असा होता. दोन तास कसे गेले कळलं नाही. तेवढ्यात विमानाला हिसका बसला आणि भरलेलं चिपटं बोळात सांडलं.

नथू गुडघ्यांवर उतरला. हवाईसुंदरी धावत आली. ती मुंबईची मराठी मुलगी निघाली. "आजोबा, राहू द्या हो, नंतर झाडून घेतील."

"तांदूळ हाय, बाय. पायाखाली कसा येऊ द्यायाचा?"

नात आणि आजोबा एकेक दाणा वेचत बसले. सुटाबुटातल्या गृहस्थानं आधी नुसते बूट वर उचलले, मग स्वतःच्या विजारीच्या दुमडीतून तीन दाणे काढून चंपाच्या तळहातावर ठेवले. बारा तासांत पोर सगळ्यात खूश कधी असेल, तर ती त्या वेळी. दाणे संपले तेव्हा ती नथूच्या पोटावर डोकं टेकून झोपली, चिपटं मुठीत तसंच. नथू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. फोटो पुन्हा काढायचा त्याला धीर झाला नाही. काम राहिलंच, हे त्याला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर ते राहिल्याचा थोडा आनंदही होत होता. त्याची त्याला लाज वाटली.

लंडनच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं पिशवी हुंगली आणि 'जा' म्हणाला. दारापलीकडं नंदा उभी होती. लांब कोट, खाली साडी, चेहरा सुकलेला. ती पळत आली आणि हात पसरले.

चंपा नथूच्या धोतरामागं गेली. आबाचा कोट घट्ट धरला आणि ओठ काढला. नथूला तो ओठ ओळखीचा होता, आता भोकाड फुटणार. "नंदे, दमलीय गं ती," तो कसंबसं म्हणाला.

नंदाचे पसरलेले हात खाली आले. तिची नजर चंपाच्या मुठीतल्या चिपट्यावर गेली, काठाच्या पोच्यावर थांबली. तिनं पोरीला ओढलं नाही, फोटोतल्यासारखी हसलीही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमध्ये तिनं सरळ जमिनीवर बसकण मारली, कोट उघडला, पदर मांडीवर पसरला आणि म्हणाली, "लाभ."

चंपानं डोकं बाहेर काढलं.

"लाभ... लाभ... लाभ..." नंदाचा सूर थेट बापाचा होता. माप काही पडत नव्हतं आणि आकडा तसाच लोंबकळत होता. चंपाला ते सोसेना. तिनं आबाकडे पाहिलं. नथूनं पिशवी तेवढी खाली ठेवून तिचं तोंड उघडून दिलं. पोरीनं चिपटं भरलं, दोन पावलं पुढं गेली आणि पदरात ओतलं.

"दोन... दोन... दोन..."

पिशवी रिकामी होईपर्यंत कुणी थांबवलं नाही. शेवटी नंदानं पदरातली एक मूठ घेतली आणि बापाच्या पिशवीत टाकली. "रिकामं पोतं घरला न्यायचं न्हाई, आबा," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. चंपानं तिच्याकडे निरखून पाहिलं, मग तिनंही आपली इवलीशी मूठ भरली. "ह्ये आईला," ती म्हणाली.

नथूनं डोळे मिटले. सरुबाईनं सांगितलेलं एकच काम, तेच फसलं होतं. पण नंदानं नाक पुसलं. "व्हय," ती म्हणाली, "आईलाच. मला बी तिनंच वाढवलं." नथूनं ती मूठ पिशवीत पडू दिली नाही. एकाचं माप दुसऱ्याच्या मापात मिसळायचं नाही, ही जन्माची सवय. त्यानं उपरण्याचं टोक पुढं केलं आणि मूठ त्यात गाठ मारून ठेवली. उठताना नंदानं चंपाला कडेवर घेतलं, तेव्हा पोर चिपट्यानं तिच्या कोटाच्या गुंड्या वाजवत होती.

तीन आठवड्यांनी नथू दुपारच्या गाडीनं कामशेतला उतरला. सरुबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आई म्हनली का तिला?"

"पयल्या आठवड्यात न्हाई. मंग म्हनली."

"बरं झालं," सरुबाई म्हणाली. सुपातला एक खडा वेचून टाकत तिनं विचारलं, "तुमी निघताना रडली का?"

"झोपलीवती. मी उठवली न्हाई."

नथूनं पिशवी तिच्यापुढं ठेवली. "ही नंदीची मूठ. तुला मोकळ्या हातांचं भ्या वाटत हुतं न्हवं?" मग उपरण्याची गाठ सोडली. "आन ही चंपाची. 'आईला' म्हनून धाडलीया."

सरुबाईनं हात पुढं केला. ते दाणे तिचा तळहात भरण्याइतकेही नव्हते. तिनं ते सुपात मिसळले नाहीत, कणगीकडंही नेले नाहीत. हातातच धरून ती बसली, आणि पोरीला खेळवताना धरायची तसा तिनं बारीक सूर धरला, "लाभ... लाभ... लाभ..." पुढचं माप पडेपर्यंत तेच म्हणत राहायचं असतं. नथू तिच्याजवळ बसून राहिला, आणि ऊन ओसरीवरून उतरलं तरी सरुबाई तेच म्हणत होती.