राजाची भाची

आमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं, तर मी सांगतो, समुद्र. तो गावानं केलेला नाही म्हणून बरा आहे. बाकी सगळं पर्यटन समितीनं केलंय. बंदरावर एक तोफ आहे, तिचं तोंड गावाकडे. ती कोणी कोणावर डागायची होती यावर दोन पुस्तिका निघाल्या आहेत, एकमेकींना खोडून काढणाऱ्या, आणि दोन्ही एकाच गृहस्थानं लिहिलेल्या. चौकात बंद पडलेलं जुनं घड्याळ आहे. ते बंद पडलं त्या क्षणी काय घडलं हे दर हंगामाला बदलतं. गेल्या वर्षीपर्यंत जहाज बुडत होतं, यंदा प्रेमभंग होतो. पाहुणे मान वर करून हळहळतात, फोटो काढतात आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात.

मी पाट्या रंगवतो. चाळीस वर्षं झाली. गावात मला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणतात, आणि मला त्याचा रागही नाही. दुसऱ्याच्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की माझं डोकं फिरतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या कोणाकडून तरी 'दंतवैध' अशी पाटी करून आणली होती. बाई कायदेशीर आहेत एवढंच त्यावरून कळत होतं. मी भर सकाळी शिडी लावली आणि रांगेतल्या रोग्यांना नीट समजावून सांगत सांगत ते अक्षर दुरुस्त केलं. बाई दारात लाल होऊन उभ्या होत्या. न्हाव्याच्या पाटीवर काना जास्त होता, तेव्हा त्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं होतं, अर्ध्या दाढीचं. मी थांबलो नाही. चूक ती चूक, आणि ती दिसेल तिथे काढायची, असं माझं होतं.

माझी मोठी बहीण, ताई, बंदराच्या टोकाला राहते. तिथे कमरेएवढ्या उंचीचा दगडी चौथरा आहे आणि त्याच्यावर दोन खोल्या. भाऊजी बंदरात नावांना निशाण दाखवायच्या कामावर होते, त्यामुळे पालिकेनं त्यांना ती जागा दिली होती. ते गेल्यावर ताई आणि तिची मुलगी तिथेच राहिल्या. त्या जागेला गावात सगळे नुसतं 'माची' म्हणतात. ताईनं तिथे एकतीस वर्षं काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती आवाजावरून सांगते, कोणाची नाव परत आली आणि कोणाच्या नावेच्या इंजिनाला खोकला झालाय. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दीपगृहाच्या तिकीट खिडकीत बसते.

हंगामाच्या तोंडावर समितीनं साठ पाट्या सांगितल्या. यादी समितीच्या चिटणिसांच्या हातची. त्यांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून निघालेल्या मुंग्या. दोनच दिवसांपूर्वी भाचीनं मला चष्मा आणून दिला होता.

"मामा, तू आता ओळ सोडून वाचतोस. लाव हा," ती म्हणाली.

"अक्षर मी डोळ्यांनी ओळखत नाही, हातानं ओळखतो," मी म्हणालो आणि डबी फळीवर टाकून दिली.

त्रेचाळिसाव्या क्रमांकावर मी वाचलं, 'राजाची भाची'. मला जराही नवल वाटलं नाही. वरती 'सैतानाचा जिना' होता आणि खाली 'विरहिणीचा कठडा'. ज्या समितीला सैतान चालतो तिला राजाची भाची का वावडी असावी? मी पांढऱ्यावर निळ्यात ती पाच अक्षरं काढली. 'भ' तर असा वळणदार आला की मीच दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघत राहिलो.

पाट्या लावण्याचं काम पालिकेचे दोघे कामगार करणार होते. एरवी मी बरोबर जातो, पण त्या दिवशी माझी कंबर धरली. आठवडाभर मी पाठीवर पडून होतो. बरा झाल्यावर ताईकडे निघालो, तर चौथऱ्यासमोर तीसेक माणसं. दारावर माझी पाटी. आणि पाटीखाली आमचा मार्गदर्शक, ज्याला आम्ही 'सनावळी' म्हणतो, कारण त्याला सन माहीत नाही अशी गोष्ट जगात घडलेली नाही.

"अवघी सोळा वर्षांची," तो सांगत होता. "मामाची लाडकी. छातीचं दुखणं होतं म्हणून राजानं तिला समुद्राच्या हवेवर पाठवलं. आणि या, या खिडकीत बसून ती एका खलाशाची वाट बघायची. तो गेला तो मंगळवार होता."

दोन बायकांनी डोळे पुसले. एका गृहस्थांनी खिडकीतून अर्धं अंग आत घालून ताईला विचारलं, "आजी, ही तिचीच शेगडी का?"

"ही माझी," ताई म्हणाली. "तिची माळ्यावर ठेवलीय."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. खरी हकिगत एवढीच होती की कोण एक राजा कधीतरी गावात आला होता. त्या चौथऱ्यावर तो एक दुपार बसला, त्याला सर्दी झाली आणि तो निघून गेला. एवढ्या भांडवलावर समितीनं आमच्या साध्या माचीला 'राजाची माची' करायचं ठरवलं होतं. मी घरी आलो, फळीवरची डबी काढली, चष्मा लावला आणि यादी उघडली. माची. आंधळ्यालाही दिसावं इतकं स्वच्छ लिहिलेलं. लोक ठरवून ध चा मा करतात. मी म चा भ केला होता, आणि तोही एवढा देखणा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी रांगेसमोर शिकवलं, त्या हे ऐकून काय म्हणतील, न्हावी किती दिवस हसेल, हेच डोक्यात फिरत राहिलं. म्हटलं उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. दरम्यान राजाच्या भाचीला बहर आला. तिच्या नावाचा साबण निघाला. निवृत्त मुख्याध्यापकांनी तिच्या स्वभावावर लेख लिहिला आणि ती हट्टी असल्याचं सप्रमाण सिद्ध केलं.

मग ताईला समितीचं पत्र आलं. सदर वास्तूत 'राजाची भाची स्मृतिदालन' करण्याचं ठरलं आहे, तरी पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी. बदली खोली बर्फाच्या कारखान्यामागे, तिसऱ्या मजल्यावर. मी जाऊन पाहून आलो. खिडकी उघडली की हात लांब करून समोरच्या भिंतीला लावता येतो. ताईच्या गुडघ्यांना चौथऱ्याच्या पाच पायऱ्याच जड जातात.

"बघू," ताई म्हणाली, आणि कपाटातल्या चादरी काढून घड्या घालायला बसली. माझी भाची तिकीट खिडकीत बसून रडली. पाहुण्यांना वाटलं, दीपगृहाचा इतिहासच तसा असेल.

मला रात्रीची झोप लागेना. भ चा म करायला काय लागतं? वरची तुटलेली रेघ जोडायची आणि एक वळण सरळ करायचं. कुंचल्याचे दोन फटके. भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असतील अशा वेळी, मी शिडी आणि निळा रंग घेऊन माचीवर गेलो. दोन पायऱ्या चढलो तोच समितीनं नवा नेमलेला पहारेकरी स्टुलावरून उठला.

"ऐतिहासिक वस्तूला हात लावायचा नाही."

"अहो, महिन्यापूर्वी मी स्वतः रंगवलीय ती."

"असेल. आता ती ऐतिहासिक आहे," तो म्हणाला आणि माझी शिडी काढून घेतली.

राहता राहिली समितीची बैठक. ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. अध्यक्ष म्हणजे समुद्रासमोरच्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई. शेजारी चिटणीस, मुख्याध्यापक, सनावळी. यंदा दातांच्या डॉक्टरीणबाईही सभासद झाल्या होत्या. ताईला सही करायला बोलावलं होतं, ती दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चष्मा, म, भ, सगळं. कान तापले होते, पण सांगितलं. माझ्या बहिणीचं घर माझ्या चुकीपायी जाऊ नये, हेही सांगितलं.

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"ऱ्हस्वदीर्घ, चाळीस वर्षांत तुमचं एक अक्षर चुकलेलं नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "हे आम्हाला कोण सांगतं? तुम्हीच. दर बैठकीत."

"या वेळी चुकलं."

"नेमकं या वेळी?" डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "नेमकं बहिणीच्या दारावर?"

मी यादी चिटणिसांपुढे धरली. राजाच्या भाचीचा शोध लावल्याबद्दल मागच्याच आठवड्यात त्यांचा सत्कार झाला होता. त्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, "भाचीच आहे. माझा म असा नसतो."

"आणि समजा माची असेल," सनावळी म्हणाला, "तरी तिच्यावर बसायला कोणीतरी हवंच ना? ती भाचीच बसत असणार."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बहिणीसाठी मी खोटं बोलतोय, आणि ते माणुसकीला धरून आहे, पण इतिहासाला धरून नाही, असं त्यांनी इतिवृत्तात नोंदवायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करायला उभा राहिलो, आणि तीही कोणी घेईना.

तेवढ्यात ताई उठली.

"माझा भाऊ खोटं बोलतोय," ती म्हणाली. "त्याची अक्षरं चुकत नाहीत."

"हेच आम्ही म्हणतोय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "या, सही करा."

"करते की. फक्त एक विचारते. त्या खोल्यांमध्ये आजही एक भाची राहते. हा उभा आहे तिचा मामा, विचारा त्याला."

सगळे माझ्याकडे वळले.

"राहते का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"राहते," मी म्हणालो. याहून खरं मी त्या दिवशी काहीच बोललो नव्हतो.

"तिच्या आधी मी राहत होते. मलाही मामा होता, म्हणजे मीही कोणाची तरी भाचीच," ताई शांतपणे म्हणाली. "आमच्या घरात हे असंच चालत आलंय. आम्ही कधी बोललो नाही, आपला साधेपणा. पण तुम्ही आता घरातून काढताय, तर वर्तमानपत्रवाले विचारतील, राजाच्या भाचीच्या माणसांना बर्फाच्या कारखान्यामागे कोणी टाकलं म्हणून. त्यांना मी काय सांगू, तेवढं मला लिहून द्या."

अध्यक्षीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मेणाच्या बाहुल्या तर सगळ्याच गावांत असतात. जिवंत वंशज कोणाकडे आहेत?

"पण ती सोळाव्या वर्षी वारली," सनावळी कासावीस होऊन म्हणाला. "अविवाहित. मी रोज चार वेळा सांगतो."

"तिचं लग्न लावून द्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"पुढच्या हंगामापर्यंत लावतो."

"सोमवारपर्यंत."

ठराव एकमतानं झाला. वंशजांनी जागेतच राहायचं, रविवारी दोन तास दालन म्हणून बाहेरची खोली उघडी ठेवायची, आणि शक्य तेव्हा खिडकीत बसायचं. मला नव्या पाटीचं काम मिळालं: 'वंशज आत राहतात. कृपया दार वाजवू नये.' डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की पाटी लावण्याआधी कोणाकडून तरी तपासून घ्यावी.

वाचनालयाचा जिना उतरताना ताईनं माझा खांदा धरला होता. समुद्राच्या कठड्यापर्यंत आलो आणि ती गुडघे चोळत बसली. पलीकडे कोणीतरी 'विरहिणीच्या कठड्या'पाशी हसत हसत फोटो काढून घेत होतं. मी तिच्या शेजारी बसलो. घर राहिलं होतं, तरी माझी मान वर होईना.

"ताई, मी खरंच चुकलो होतो गं," मी म्हणालो. "तुला वाटेल, मी तुझ्यासाठी बनवून सांगितलं."

"मला काय वाटेल? माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"पाटी लावायला ते दोघं आले तेव्हा मी दारातच होते. वर चढवायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, आजी, बरोबर आहे ना म्हणून. मी वाचली."

शिडी तिथे होती. निळ्या रंगाचा डबा मीच त्यांच्याबरोबर दिला होता, कुठे टवका उडालाच तर हात फिरवायला म्हणून. ती एक शब्द बोलली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. राजाची भाची जन्मालाच आली नसती, आणि पंधरा दिवस ताईला चादरींच्या घड्या घालाव्या लागल्या नसत्या.

"मग बोलली का नाहीस?"

ताई माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काही भलतंच विचारलंय.

"त्या दोघांसमोर तुझी चूक काढू?" ती म्हणाली.