बिनहळदीचं कार्ड

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, अन् मोठ्यानं सांगतो: यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर खोटं निंगालं तं मले चुलीत घाला.

मी एक जुनं पोस्टकार्ड आहो. आता कोपरे दुमडले, शाई पुसट झाली, पन मी परदेश पाहून आलो. तुमच्यातल्या किती जनायनं पाह्यला?

गोष्ट एकोनसाठच्या हिवाळ्याची. बाभुळगावजवळच्या एका गावात नागोराव राहे. तीन वर्षांपैले त्यानं घरच्यासोबत बौद्ध धम्म घेतलता. आमच्याकडं पैले चांगली बातमी असली का कार्डाच्या चारी कोपऱ्याले हळदीचं बोट लावत. बोट दिसलं का आनंद, कोरं कार्ड आलं का काळजात धस्स. धम्म घेतल्यावर नागोरावनंच मोहल्ल्यात दवंडी पिटल्यासारखं सांगितलं, "आता हे हळदीचं सोडा. बातमी अक्षरात असते, कोपऱ्यात नसते."

त्याची बायको मथुराबाई त्या साली ग्रामपंचायतीले उभी होती, रामधन दुकानदाराच्या इरोधात. तवा दर उमेदवाराचा मताचा डबा येगळा राहे; तिच्या डब्यावर शिडीचं चित्र. अन् झालं काय, का मतदानाची तारीख पुढं गेली, अन् नागोरावचं तं नेपाळात लुंबिनीले जाचं तिकीट कवाचंच निंगालतं.

तो म्हने, "मी थांबतो. माहं एक मत हाय न."

"जा नं बाप्पा! तुमच्या एका मतानं काय आभाय पडते?"

गेला बापडा.

निकाल लागला तवा मथुराबाईनं मास्तरीन विमलताईकडून मले लिहून घेतलं. लिहून झालं अन् बाईनं सवयीनं हळदीच्या डब्यात बोट बुडवलं.

विमलताई म्हने, "हे काय वो? तुमच्या नवऱ्यानंच बंद केलं न हे?"

"हो बाई, इसरलीच मी!" अन् तिनं बोट लुगड्याले पुसलं.

असा मी कोरा निंगालो. यवतमाळ, नागपूर, गोरखपूर. थैल्यात एका लठ्ठ पार्सलाखाली दबून माही कंबर अशी मोडली का आजही सरळ उभा राहत नाही. आठव्या दिवशी लुंबिनीच्या धर्मशाळेत पोस्टमननं मले नागोरावच्या हातात देल्लं.

त्यानं आधी कोपरे पाह्यले. चारी कोरे.

त्याले चौथीपर्यंत वाचता येत होतं, मित्रांनो. पन त्यानं मले पालटवलंच नाही. "हरली," एवढंच पुटपुटला. "अन् हरली असन तं एकाच मतानं." मले तसाच बंडीच्या खिशात घातलं.

तीन दिवस मी त्याच्या छातीवर होतो. रडला नाही, चिडला नाही. भातात मीठ नव्हतं, खाऊन घेतला. एकच धोतर दोनदा धुतलं. सोबतचे लोक वंदनेले बसले का हाही बसे, ते उठले का हाही उठे. माह्या पोटात अख्खी बातमी, अन् मले तोंड नाही! कार्डाच्या जन्माचं हेच दुखनं आहे.

चौथ्या दिवशी त्याच्याच गावचा बाबाराव पाठीमागं लागला.

"अबे नागोराव, घरचं कार्ड दाबून बसला म्हनते! त्यात माह्या घरचा निरोप असन न. दे इकडं."

"काही नाही त्यात."

"काही नाही तं पोस्टमन कायले आला, माशा मारायले?" अन् त्यानं मले खिशातून उपसलं. मोठ्यानं वाचत गेला अन् मधातच अडला. "अबे, निवडून निंगाली! पंचावन्न अन् चौपन्न. एका मतानं निंगाली तुही मथुराबाई!"

नागोरावनं वाकून पुन्हा माहे कोपरे पाह्यले. "मंग हळद काहून नाही लावली?"

"लेका, बंद कोनं केलती?"

मंग बाबारावनं माही शेवटची ओळ वाचली, जराशी हळू: "सोताच्या डब्यात सोताच मत टाकाची मले लाज वाटे. मंग म्हनलं, हे मत तुमचं समजावं, अन् टाकलं."

हे आयकून नागोराव खदखदा हसला अन् अख्ख्या धर्मशाळेले चहा पाजला.

मंग मी त्याच्या संगं घरी आलो. काही दिवस मथुराबाईनं मले येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवलं. मंग कोनी माह्या पाठीवर गुनाकार केला, कोनी माह्यावर चुन्याची डबी ठेवली. आता पेटीच्या तळाशी पडून राह्यलो, कसर लागून राह्यली. तवा मित्रांनो, एकच इनंती: कोनाचं पत्र आलं तं कोपरे पाहत बसू नका. पालटवा अन् वाचा. लिवनाऱ्यानं जीव अक्षरात घातला असते.

हां, एक गोष्ट मी मनची घातली. चहा आलता, ते खरं. पन नागोराव हसला नव्हता. "बरं," म्हनला, मले बाबारावच्या हातून घेतलं, अन् ते शेवटची ओळ सोता वाचाले लागला. लई वेळ वाचत होता. ओळ तं एवढुशी होती.