तिसरा सिलिंडर

जिजाने परसातल्या नव्या ग्रिलचे झाकण उचलले, आत डोकावून पाहिले आणि परत ठेवले. कोंबडी भाजायला एवढे मोठे लोखंड प्रितेशने आणले होते. सध्यापुरता स्वयंपाकघरातला सिलिंडर बाहेर काढून त्याला जोडला होता, आणि पुढे गॅस कोणता घ्यायचा यावरून तो सकाळपासून आईचे डोके खात होता.

"पाइपचाच घेऊ, आई. घरातही आणि इथेही. हे आलेत तर सांगून टाक."

हे म्हणजे गॅस कंपनीचे दीपेश. केळींमधून माप घेत आले होते, गिरीज गावच्या चिखलाने बूट भरले होते. त्यांनी शांतपणे समजावले. पाइपच्या गॅसला ग्रिलचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडे, बदलावी लागतात, तेव्हा एकदाच काय ते ठरवा. आणि पाइप घेतला की सिलिंडर परत करायचे.

"नको," जिजा म्हणाली. "सिलिंडरच बरा."

"अगं, ऐन पाहुणे आले की संपतो तो."

"संपू दे की. त्यात काय?"

प्रितेशने कपाळाला हात लावला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक म्हणावे, तर सगळे त्याच्यामुळेच झालेले. शेजारच्या सरोजिनीच्या लेकीला, तेजस्वीला, त्याने साखरपुड्याच्या तोंडावर नाही म्हटले, त्याला तीन वर्षे झाली. दोघी आयांचे बोलणे तेव्हाच तुटले. एका ताटात जेवलेल्या बाया, पण आता कुंपणाशी समोरासमोर आल्या की एक केळीकडे बघते, दुसरी विहिरीकडे. जिजाला तिची फार आठवण येई. माणूस दहा पावलांवर असून आठवण यावी, याचा तिला रागही येई.

राहिला होता तो सिलिंडर. दोन घरांत मिळून तीन. तिसरा दोघींनी मिळून घेतलेला. जिचा संपेल तिने दुसरीच्या दारी जाऊन तो आणायचा, आणि आपला भरून आला की दुसरीचा संपेल तेव्हासाठी आपल्याकडे ठेवायचा. भांडणातही ही रीत कुणी मोडली नाही. "संपला," एवढेच म्हणायचे. "ने," एवढेच ऐकायचे. दिवाळीत एकदा सरोजिनीने "गुडघा कसा आहे?" असेही विचारले होते. जिजाला ते दोन महिने पुरले. सध्या तिसरा सिलिंडर सरोजिनीकडे होता.

"मग नको असंच लिहू?" दीपेशनी विचारले.

"लिहा."

"कमाल आहे, काकू. शेजारच्या सरोजिनीकाकूही नकोच म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, हा गॅस कधी संपत नाही. तर म्हणतात, न संपणारा गॅस घेऊन मी काय करू?"

जिजाने पदराने तोंड पुसले. दीपेश निघून गेले तरी ती कुंपणाकडे बघत उभी होती.

"प्रितेश, पेटव ते तुझं ग्रिल."

"आत्ता? कोंबडीला अजून मसाला लागायचाय."

"लाव सावकाश," ती म्हणाली. "आधी पेटव. आणि चारी बर्नर मोठे कर."